उद्यानाचे फाटक आणि शाळा सुटल्यानंतरचे तास

(नगरप्रशासन व सेवाकार्य या विषयावरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात, महानगरपालिकेच्या उद्यान विभागातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



काल आणि आज या अभ्यासवर्गात पाणीपुरवठा, घनकचरा, वस्त्यांतील आरोग्य अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्यांच्यानंतर उद्याने आणि मुलांचे खेळ हा विषय काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. मी वक्ता नाही, शिक्षणतज्ज्ञही नाही. माझी सारी नोकरी माती, खत, हिरवळ आणि रोपवाटिका यांत गेली. तरीही संयोजकांनी या विषयासाठी माझे नाव सुचवले तेव्हा मी नकार दिला नाही. त्याला एक कारण आहे आणि ते आरंभीच सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या अखत्यारीतील एका उद्यानात आम्ही नवी हिरवळ लावली होती. शेजारच्या वस्तीतील मुले तेथे चेंडू खेळत. फुलांचे वाफे तुडवले जात, फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना चेंडू लागे, तक्रारी येत. मी नस्ती तयार केली, वरिष्ठांची मान्यता घेतली आणि फाटकावर फलक लावला : ‘उद्यानात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.’ त्याच आदेशाने सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात फाटकाला कुलूपही लागले. त्या वर्षी पुष्पप्रदर्शनात त्या उद्यानाला पारितोषिक मिळाले. माझे अभिनंदन झाले.

मुले मागच्या रस्त्यावर खेळू लागली. काही आठवड्यांनी पाचवीतला एक मुलगा चेंडूमागे धावताना टेम्पोखाली आला. जीव वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. त्याची आई चार घरची धुणीभांडी करणारी. ती एकदा माझ्या कार्यालयात आली. मला वाटले, भांडायला आली असेल. ती म्हणाली, “साहेब, दुपारी फाटक उघडं ठेवाल का? मी सहाला येते. तोवर धाकटी तरी आत बसंल.” मी तिला नियम सांगितला आणि परत पाठवले.

बंधुभगिनींनो, नियम माझाच होता. म्हणूनच आज मी येथे उभा आहे.

रिकामे तास कोणाचे?

आपल्या देशात सहा वर्षांखालील बालकासाठी १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी आहे. नोकरदार मातांसाठी २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क मिळाला. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे, असेही म्हटले आहे. म्हणजे मूल लहान असताना त्याची सोय आहे आणि शाळेत असतानाही आहे. शाळेची घंटा झाल्यापासून आई-वडील घरी येईपर्यंतच्या वेळेचे काय, याचे उत्तर मात्र कोणत्याही कायद्यात नाही.

हे उत्तर पूर्वी आपल्या घरांतच होते. आजी घरी असे, काकू असे, वाड्यातील एखाद्या तरी घराचे दार उघडे असे. मुलगा कोठे आहे हे आईला ठाऊक नसले, तरी वाड्याला ठाऊक असे. आज दोन खोल्यांच्या सदनिकेतही आणि झोपडपट्टीतही आई-वडील दोघे बाहेर असतात. हा कोणाचा दोष नव्हे. शहरात संसार चालवायचा तर दोघांना राबावे लागते. परंतु एकत्र कुटुंब जे काम न बोलता करत होते, ते आता समाजाने बोलून, ठरवून, वेळापत्रक लावून करावे लागेल, हे आपण अजून मनोमन स्वीकारलेले नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शहरांतील पुष्कळ शाळा, विशेषतः महापालिकेच्या, दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्रातील मूल दुपारी साडेबाराच्या सुमारास बाहेर पडते. दुपारच्या सत्रातील मुलाची सकाळ मोकळी असते आणि संध्याकाळी सहाला ते दमून येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत अशी सूचना केली. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने ती योग्यच होती. पण तिने रिकामे तास इकडचे तिकडे झाले, नाहीसे झाले नाहीत. आता आपल्या उद्यानांच्या वेळा आठवा. पुष्कळ ठिकाणी फाटक भर दुपारी बंद असते. मूल जेव्हा मोकळे, तेव्हाच उद्यान बंद! ही रचना कोणी वाईट हेतूने केलेली नाही. ती करताना मुलाचा विचार कोणाच्या मनात आला नाही, एवढेच.

हे तास रिकामे राहत नाहीत, हेही लक्षात घ्या. ते कोणीतरी भरतेच. सधन घरात भ्रमणध्वनीचा पडदा आणि एका मागून एक शिकवण्या भरतात. वस्तीत कोपऱ्यावरची टपरी आणि गुटख्याची पुडी भरते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ‘आपले’ म्हणणारा पहिला मोठा माणूस जर टपरीवर भेटला, तर पुढे आपण त्याच्यापुढे संस्कारांची कितीही प्रवचने केली, तरी उशीर झालेला असतो.

उद्यान विभागाचे स्वरूप

आता माझ्या जुन्या विभागाकडे वळतो. मुंबईचा १८८८ चा महापालिका अधिनियम घ्या किंवा अन्य महानगरपालिकांसाठीचा १९४९ चा घ्या, दोन्हींत उद्याने व क्रीडांगणे ही ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पाणी आणि मलनिःसारण आवश्यक, उद्यान ऐच्छिक. त्यामुळे अंदाजपत्रकात या विभागाचा क्रम मागे आणि कामाची कल्पनाही मर्यादित. झाडे लावणे, हिरवळ राखणे, कारंजे चालू ठेवणे, खेळणी बसवणे हे आमचे काम. आस्थापनेवर माळी असतात, पहारेकरी असतात, उद्यान निरीक्षक असतात. मुलांशी बोलणे हे ज्याचे काम आहे, असे पद माझ्या सबंध नोकरीत मी आमच्या आस्थापना सूचीत पाहिले नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा हा एक विषय आहे आणि त्याला लागूनच सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हा पुढचा विषय आहे. घटनाकारांच्या परंपरेतील सुज्ञांनी हे दोन विषय शेजारी ठेवले. आपण ते दोन वेगवेगळ्या इमारतींत, दोन वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत ठेवले. उद्यान विभागाकडे जागा आहे, शिक्षण विभागाकडे मुले आहेत, महिला व बालकल्याण समितीकडे निधी आहे आणि समाजकार्य करणाऱ्या संस्थांकडे माणसे आहेत. चौघे एका मेजाभोवती कधी बसत नाहीत.

परदेशात काय पाहिले

काही वर्षांपूर्वी मुलीकडे न्यू जर्सीला जाण्याचा योग आला. तेथील गावांच्या नगरपालिकांना उद्यान व मनोरंजन असा विभाग असतो. शाळा तीनच्या सुमारास सुटली की पुष्कळ मुले घरी न जाता त्या विभागाच्या उपक्रमाला जातात. आधी थोडे खाणे, मग गृहपाठ, मग मैदान आणि सहाच्या आत पालक येऊन घेऊन जातात. एके दिवशी मुलीला उशीर होणार होता म्हणून नातवाला आणायला मी गेलो. मेजावर बसलेल्या विशीतल्या मुलीने माझे नाव विचारले, यादी पाहिली आणि नम्रपणे सांगितले की, यादीत नाव नसल्याने मुलाला माझ्या स्वाधीन करता येणार नाही. नातू ‘आजोबा’ म्हणून माझ्या हाताला धरून उभा! मला अपमान वाटला. तिने माझ्या मुलीला दूरध्वनी केला, खात्री करून घेतली, नोंदवहीत माझी सही घेतली, मग सोडले. परतताना वाटेत माझा राग निवळला. आमच्या उद्यानातील रोपांची मोजदाद आम्ही महिन्याला करत होतो. आत किती मुले आली आणि किती सुखरूप बाहेर गेली, याची मोजदाद आम्ही कधी केली नव्हती.

त्यांनाही हे एका दिवसात सुचलेले नाही. १८८५ च्या सुमारास बोस्टनमधील काही महिलांनी गरीब वस्तीतील मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले. बर्लिनमध्ये मुले अशी खेळताना डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांनी पाहिली होती. त्यांच्या सूचनेतून हे घडले. लवकरच ध्यानात आले की, वाळू टाकून भागत नाही, शेजारी कोणी जाणते माणूस लागते. १९०४ मध्ये लॉस एंजेलिस शहराने क्रीडांगणांसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. १९०६ मध्ये वॉशिंग्टन येथे क्रीडांगणांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे १९८८ मध्ये त्याच लॉस एंजेलिसमध्ये महापौर टॉम ब्रॅडली यांच्या पुढाकाराने शाळा सुटल्यानंतरचा मोठा उपक्रम सुरू झाला. १९९४ च्या कायद्याने अशा केंद्रांना केंद्र शासनाच्या मदतीची वाट मोकळी झाली. म्हणजे प्रारंभ सेवाभावी महिलांनी केला, नगरपालिकेने तो उचलून धरला आणि शासन शेवटी आले. हा क्रम आपल्याला अपरिचित नाही.

तेथील सारेच अनुकरणीय आहे, असे मी म्हणणार नाही. बऱ्याच ठिकाणी शुल्क भरावे लागते आणि जागा मर्यादित असतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे मूल सांभाळावे ही ओढही तेथे मला फारशी आढळली नाही. तरीसुद्धा नगरपालिकेने मुलाच्या वेळेची जबाबदारी लेखी स्वीकारावी, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. चांगले कोठूनही घ्यावे, ही आपलीच शिकवण आहे.

आपली परंपरा काय सांगते?

पण एवढ्यासाठी अमेरिकेलाच जावे लागते असे नाही. दादरचे शिवाजी पार्क पाहा. मुंबई महापालिकेने ते मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले. शिवछत्रपतींच्या जन्मत्रिशताब्दीच्या निमित्ताने १९२७ मध्ये त्याला महाराजांचे नाव दिले गेले. त्याच १९२५ मध्ये सुरू झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर आज तेथे मुलामुलींना मल्लखांब शिकवते. त्या कार्याला आयुष्य वाहिलेले श्री. उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मैदान नगराचे आणि माणूस समाजाचा, हा मेळ आपल्याकडे शतकभर चालू आहे.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. वैद्य बंधूंनी लावलेल्या त्या रोपाची ख्याती एवढी झाली की, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात १९७९ मध्ये किशाभाऊ पटवर्धन यांनी स्व-रूपवर्धिनी सुरू केली. वस्तीतील मुलांना एकत्र आणायचे, खेळवायचे, अभ्यासाला बसवायचे आणि त्यांच्यातूनच पुढचे कार्यकर्ते घडवायचे, हा तिचा मार्ग. किशाभाऊ स्वतः शिक्षक होते. शाळेच्या वेळेत जे होत नाही ते शाळेबाहेरच्या वेळेत होऊ शकते, हे त्यांनी ओळखले.

आणि आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी अनुभवलेली शाखा? १९२५ मध्ये डॉक्टर हेडगेवारांनी नागपुरात जे आरंभले, त्यात साधने कोणती होती? मोकळी जागा, ठरलेली वेळ आणि वाट पाहणारा एक माणूस. संघाची शताब्दी २०२५ मध्ये झाली. इतक्या वर्षांत त्या तंत्रात फारसा बदल करावा लागला नाही. मुख्य शिक्षक पावसातही येतो, एकटाच असला तरी प्रार्थना म्हणतो, हे मुलाला दिसते. न आलेल्या मुलाच्या घरी संध्याकाळी कोणीतरी जाते. मला जे सांगायचे आहे त्याचे मर्म यातच आहे. मुलाला खेळण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी भेटणारे मोठे माणूस अधिक हवे असते. घसरगुंडी बसवणे ही निविदेने होणारी गोष्ट आहे, माणूस निविदेने मिळत नाही.

मी शाखा उद्यान विभागाने चालवावी असे सुचवत नाही, तसा गैरसमज कोणी करून घेऊ नये. शाखा ही समाजाची गोष्ट आहे, ती समाजच चालवील. महापालिकेची सेवा मात्र सर्वांसाठी असली पाहिजे. जेथे मूल पहिले पाऊल टाकते तेथे त्याची जात, भाषा वा उपासनापद्धती विचारली जाता कामा नये. शाखेकडून घ्यायची ती नित्यता.

प्रत्यक्षात काय करता येईल?

आता प्रत्यक्ष योजनेचे बोलतो. येथे काही माजी नगरसेवक आहेत, काही पुढे होतील. त्यांनी हे मुद्दे टिपून घ्यावेत.

पहिला मुद्दा जागेचा. प्रभागातील महापालिकेची शाळा घ्या आणि तेथून मूल मोठा रस्ता न ओलांडता दहा मिनिटांत पोहोचेल असे उद्यान शोधा. भव्य उद्यान नको. पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, सावली आणि पावसाळ्यासाठी पत्र्याची एक शेड एवढे पुरे. मुलींसाठी स्वतंत्र आणि चालू स्थितीतील स्वच्छतागृह नसेल, तर सहावी-सातवीनंतर मुली येणार नाहीत. मग त्यांना आवड नाही, असे आपण म्हणू नये. उद्यान नसेलच, तर शाळेचे पटांगण वापरावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या न वापरल्या जाणाऱ्या वास्तूचा ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून उपयोग करण्याचा विचार मांडला आहे. त्याचा आधार घ्यावा.

दुसरा मुद्दा वेळेचा. दुपारच्या सत्रातील मुलांसाठी सकाळी आठ ते अकरा. सकाळच्या सत्रातील मुलांसाठी दुपारी एकपासून शेडमध्ये जेवणाचा डबा, विश्रांती आणि गृहपाठ आणि ऊन उतरल्यावर साडेचार ते सहा मैदान. भर उन्हात मुलांना पळवू नये. परीक्षेच्या काळात केंद्र बंद ठेवू नये, उलट तेव्हा अभ्यासाची वेळ वाढवावी. सुट्टी लागली की केंद्र बंद, ही सरकारी सवय येथे चालणार नाही. मे महिना हाच सर्वांत लांब रिकामा काळ असतो.

तिसरा मुद्दा माणसांचा आणि हाच खर्चाचा मोठा भाग. वीस मुलांमागे एक मार्गदर्शक आणि प्रत्येक केंद्रात किमान एक महिला असावी. वस्तीतीलच पदवीधर मुलगी, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला तरुण, निवृत्त शिक्षक यांना योग्य मानधन देऊन नेमावे. १९९२ पासून काम करणारी क्रीडा भारती आणि गावोगावच्या व्यायामशाळा यांच्याकडून प्रशिक्षण घ्यावे. केवळ स्वेच्छेवर विसंबू नये. स्वयंसेवकाचे लग्न होते, बदली होते आणि केंद्र बंद पडते. मुलाच्या दृष्टीने बंद पडलेले केंद्र न उघडलेल्या केंद्राहून वाईट.

चौथा मुद्दा सुरक्षेचा. याबाबतीत भिडस्तपणा नको. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ चा आहे. तो प्रत्येक मार्गदर्शकाला समजावून सांगावा. नेमणुकीपूर्वी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करावी, मग ती व्यक्ती आपल्या कितीही परिचयाची असो. कोणीही मोठी व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद खोलीत राहणार नाही, हा नियम असावा. येण्या-जाण्याची नोंदवही असावी आणि मूल कोणाच्या स्वाधीन करायचे याची यादी पालकांच्या सहीने घ्यावी. आपला कार्यकर्ता चांगलाच असतो, या विश्वासावर मुलांची सुरक्षा सोपवू नये. न्यू जर्सीतल्या त्या मुलीने माझ्यावर अविश्वास दाखवला नव्हता, ती आपले काम करत होती.

पाचवा मुद्दा कार्यक्रमाचा. सूर्यनमस्कार, खो-खो, कबड्डी, लंगडी यांना साधने जवळजवळ लागत नाहीत. खो-खोसाठी दोन खांब आणि आखलेले मैदान पुरे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारताने मिळवली आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे होते. हे मुलांना सांगावे. त्याबरोबर गोष्ट, वाचन, पाठांतर आणि गृहपाठ. शिकवणी मात्र नको, मुलाला शाळेनंतर दुसरी शाळा नको असते.

आणखी एक गोष्ट, जी उद्यान विभागाशिवाय अन्य कोणी देऊ शकत नाही. आमच्या माळ्यांना शिक्षक करा. कलम कसे बांधतात, पालापाचोळ्याचे खत कसे होते, रोप कुंडीतून काढताना मुळे कशी राखायची हे त्यांना हातांनी येते. वर्षभरात प्रत्येक मुलाला परिसरातील वीस झाडे नावाने ओळखता यावीत आणि त्याने स्वतः वाढवलेले एक रोप त्याच्या नावाने उद्यानात लागावे. ज्या मुलाने वाफा केला तो वाफा तुडवत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हे मला उमगले असते, तर फलकाचा खर्च वाचला असता.

सहावा मुद्दा पैशाचा. महिला व बालकल्याणासाठी महापालिकांनी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. बहुधा तो शिवणयंत्रे आणि सायकली यांच्या वाटपात जातो. ते वाटप वाईट नाही, पण ते वर्षातून एकदा होते आणि त्याचे छायाचित्र निघते. रोज संध्याकाळी चालणाऱ्या केंद्राचे छायाचित्र कोणी काढत नाही. नगरसेवकाने हा मोह टाळला, तर एका प्रभागात एक केंद्र चालवणे अशक्य नाही. ज्यांना परवडते त्यांच्याकडून माफक शुल्क घ्यावे, परंतु शुल्क भरणारी आणि न भरणारी मुले एकाच रांगेत उभी राहिली पाहिजेत. समरसता भाषणाने येत नाही, ती एका रांगेत आपला डाव येण्याची वाट पाहताना येते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप ज्येष्ठ नागरिक घेतील. उद्यान त्यांचेही आहे आणि त्यांना शांतता हवी, हे रास्तच आहे. माझ्या चुकीचे मूळ एवढेच होते की, मी एकाचा हक्क राखताना दुसऱ्याला बाहेर काढले. वेळ वाटून देता येते, जागा आखून देता येते. त्याहून चांगले म्हणजे त्या ज्येष्ठांपैकी चौघांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावे. घरातला नातू परगावी आहे, अशा आजोबांची आपल्या शहरांत मुळीच वाण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संस्थेच्या हाती उद्यान दिले की, ते हळूहळू तिचेच होते, असा अनुभव लोकांना आहे. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावरून नागरिकांनी मोठा विरोध केला आणि जानेवारी २०१६ मध्ये मुख्यमंत्र्यांना त्या धोरणाला स्थगिती द्यावी लागली. म्हणून जागा महापालिकेचीच राहावी, किल्ली तिच्याच पहारेकऱ्याकडे राहावी, संस्थेशी करार एका वर्षाचा असावा आणि उपस्थिती व हिशेब फाटकावर लावले जावेत. केंद्रावर कोणा नेत्याचे वा संस्थेचे नाव नको. हा नियम इतरांसाठी आणि आपल्यासाठी सारखाच.

समारोप

बंधुभगिनींनो, मी नोकरीत असताना शेकडो झाडे लावली, त्यांतील बरीच आज सावली देतात. याचे मला समाधान आहे. पण त्या माउलीचा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. तिने अनुदान मागितले नव्हते, नुकसानभरपाई मागितली नव्हती. तिला हवे होते दुपारी उघडे असलेले एक फाटक आणि आत लक्ष ठेवणारे कोणीतरी. एवढी मागणी पुरवणे नगराला अवघड नव्हते. मला अवघड वाटले, कारण माझ्या पुस्तकात तो रकाना नव्हता.

निवृत्तीनंतर मी आणि दोन निवृत्त शिक्षक आमच्या भागातील एका लहान उद्यानात दुपारी मुलांना घेऊन बसतो. फाटकाची परवानगी मिळवायला आठ महिने लागले. पहिल्या दिवशी तीन मुले आली, आता तीस-पस्तीस येतात. मोठे काही केले असे मी म्हणत नाही. शेडला पत्रे नाहीत, पावसाळ्यात जवळच्या मंदिराच्या ओसरीवर बसावे लागते. पण एक मुलगी रोज पाऊण वाजता फाटकापाशी उभी असते आणि मला दोन मिनिटे उशीर झाला तर विचारते, “आजोबा, आज उशीर का?” नोकरीत वरिष्ठांच्या कोणत्याही ज्ञापनाने मला इतके वेळेवर आणले नव्हते.

येथून आपापल्या गावी परतल्यावर एक काम करा. आपल्या प्रभागातील उद्यानापाशी दुपारी एक वाजता जा आणि फाटकाला कुलूप आहे का, ते पाहा. असेल, तर बाहेर किती मुले आहेत, ती मोजा. तेवढा आकडा घेऊन आपल्या प्रभाग कार्यालयात जा. पुढचे काम तेथून सुरू होईल.

 भारत माता की जय!